ऐपतीच्या मानाने

साईनाथला श्वास पुरत नव्हता, आणि तो पुरवणारं यंत्र अमेरिकेच्या पैशावर चालत होतं, हे शकूला कळलं ते अमेरिकेने पैसा बंद केल्यावर. तोवर तिची समजूत अशी, की यंत्र रुकसानाने आणून दिलंय, म्हणजे ते रुकसानाचंच. रुकसाना कर्वेनगरातल्या एका छोट्या संस्थेत आरोग्यसेविका होती, टीबीच्या पेशंटांकडे घरोघर फिरायची. साईनाथला दोनदा टीबी होऊन गेला होता. औषधं सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाली, रोग गेला, पण जाताना फुप्फुसं पोखरून गेला. रिक्षा चालवणारा धडधाकट माणूस, आता मोरीपर्यंत जाऊन आला तरी खाटेवर बसून धापा टाकायचा. मग रुकसानाने खटपट करून ते ऑक्सिजनचं यंत्र आणलं. गुडघ्याएवढं, चाकांवरचं, दिवसरात्र घरघर करणारं. नाकात नळी घातली की साईनाथच्या ओठांवरचा निळेपणा जायचा आणि तो शकूला चिडवायला मोकळा व्हायचा. यंत्राचं भाडं संस्था भरत होती. आणि संस्थेला ते कोण देत होतं, याची चौकशी भरल्या ताटावर बसून कोण करतो?

बातमी द्यायला संस्थेचे श्यामसुंदर सर स्वतः विश्रांतवाडीला आले. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, सडसडीत, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखे. त्यांना एकच खोड. तुलना केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहासुद्धा उतरत नसे. कुठल्या अमृततुल्यात आलं जास्त, कुठल्यात साखर, इथून सुरुवात. खाटेशेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं, की अमेरिकेने बाहेरच्या देशांना द्यायची मदत एका फटक्यात थांबवली, त्यात आपला प्रकल्पही गेला. शिल्लक आहे तोवर भाडं भरू. पुढचं बघू.

शकूने विचारलं, एवढा श्रीमंत देश, त्याला आमच्या एका यंत्राचं ओझं झालं का?

बस, सरांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी सगळ्या श्रीमंत देशांना एका ओळीत उभं केलं आणि एकेकाचा कान धरला. अमेरिका इतकी वर्षं आकड्याने सगळ्यांच्या पुढे, हे खरं. पण तिच्या शंभर रुपये मिळकतीतले ती द्यायची जेमतेम पंचवीस पैसे. श्रीमंत देशांनी शंभरातले सत्तर पैसे द्यावेत, असं ठरून पन्नासेक वर्षं झाली, आणि तो शब्द पाळणारे देश हाताच्या बोटांवर मोजावेत. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, असे चिमुकले थंड देश. पुणं आणि पिंपरी मिळून जेवढी माणसं, तेवढीच जेमतेम त्यांतल्या एखाद्या अख्ख्या देशात. पण ते शंभरातला जवळजवळ रुपया काढून देतात. एकूण आकड्यात अमेरिका पहिल्या बाकावर, ऐपतीच्या मानाने पार शेवटच्या, असं म्हणून सरांनी चहा संपवला. साईनाथ नळीतून श्वास घेत ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, की सर, देणाऱ्यानं शंभरातलं किती दिलं त्ये तुम्ही मोजा, मला श्वास पुरला का त्ये मी मोजतो.

शकू मंडईच्या बाहेर लिंबं, मिरच्या, आलं घेऊन बसायची. तिने दुसऱ्या दिवशी हा सगळा हिशेब शेजारच्या कोथिंबीरवालीला लिंबांत समजावून सांगितला. अमेरिकेकडं शंभर लिंबं असली तर ती पाव लिंबू देती, आन् ह्ये बारके देश अख्खं लिंबू देत्यात. कोथिंबीरवाली म्हणाली, पण तिच्याकडं लिंबांची बागच हाय ना, पाव म्हटलं तरी पोतं भरल. शकूला हेही पटलं. तिचं कसं होतं, की यंत्र चालू राहिलं तर पाव काय अन् अख्खं काय, कुणाच्याही नावाने ती हात जोडायला तयार होती.

आता तुम्ही म्हणाल, भाऊबंद कुठे गेले? होते ना. साईनाथचा थोरला भाऊ मच्छिंद्र हाकेच्या अंतरावर राहत होता. धानोरीच्या बाजूची वडिलांची जमीन बिल्डरला गेली तेव्हा व्यवहार मच्छिंद्रने केला, म्हणून वाटाही त्यानेच ठरवला. त्याच्या वाट्याला चार मजली इमारत आणि पांढरी मोठी गाडी आली. साईनाथच्या वाट्याला दोन खोल्या आणि रिक्षा. तरी मच्छिंद्र वाईट माणूस नव्हता, कशाला खोटं बोला. साईनाथ पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा खासगी दवाखान्याचं बिल त्यानेच भरलं. पण भरलं ते भरलं, आणि पुढे वर्षभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक साखरपुड्यात पंगतीला बसला की सांगायचा, धाकट्याला मी वाचवला. एकदा तर भर मांडवात माईकवरून सांगितलं. त्या दिवशी साईनाथ न जेवता उठला, आणि घरी येऊन त्याने शकूकडून शपथ घेतली, की मेलो तरी दादाकडं हात पसरायचा न्हाई. साता समुद्रापलीकडच्या माणसाचं घेईन. त्यो निदान माईक तरी लावत न्हाई.

सरांनी पुढचे महिने अर्जांवर अर्ज केले. शेवटी त्या चिमुकल्या देशांपैकीच एका देशातल्या निधीने कळवलं, की दिवाळीनंतर आमचा माणूस येईल, काम बघेल, एका पेशंटच्या घरी जाईल, मग ठरवू. सरांनी घर निवडलं ते साईनाथचं. का, तर संस्थेच्या सगळ्या पेशंटांत साईनाथ सगळ्यात जास्त सावरलेला. पाहुण्याला आपल्या कामाचं फळ दिसलं पाहिजे, असा सरांचा विचार. रुकसानाने निरोप आणला. ती जाताजाता म्हणाली, "शकूताई, परदेशातले पाहुणे आहेत, तेवढं घर जरा आवरून ठेवा." आपण सगळेच म्हणतो तसंच ती म्हणाली.

आणि शकूने घर आवरलं. बाई, काय आवरलं! भिंतींना रंग दिला. पापुद्रे सुटलेल्या कोपऱ्यापुढे शेजारच्यांचं कपाट आणून उभं केलं. साईनाथची खाट उचलून आतल्या खोलीत नेली आणि तिच्या जागी मच्छिंद्रच्या घरचा सोफा आला. तो मागायला साईनाथची शपथ आड आली नाही. पाहुण्यांसाठी वस्तू आणणं म्हणजे हात पसरणं नव्हे, असं नवराबायकोचं दोघांचंही मत पडलं. गाव आता नावापुरतं उरलं असलं तरी गावची रीत माणसांत होती. पाहुणा आला की त्याला घरातली उणीव दिसता कामा नये. राहता राहिलं यंत्र. शकूने ते पुसून लख्ख केलं, त्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि बंद करून सोफ्याशेजारी उभं केलं. चालू असताना त्याची घरघर फार, बोलणं ऐकू येत नाही. साईनाथ म्हणाला, तासाभराचा तर सवाल हाय.

पाहुणा रिक्षातून आला. उंच, कृश, पाठीला पिशवी लावलेला, पन्नाशीचा माणूस. कुणी न सांगता त्याने दारात बूट काढले, आणि शकूला तो तिथेच आवडला. पण सरांबरोबर तो आत यायच्या आधीच मच्छिंद्रने त्याला गाठलं होतं. सोफा कशाला पाहिजे हे विचारूनच त्याने दिला होता, मग तो कसला गप्प बसतो! गल्लीच्या तोंडाशी त्याने ‘सहर्ष स्वागत’ असा फ्लेक्स लावला होता, त्यावर पाहुण्याचा फोटो मिळाला नाही म्हणून स्वतःचाच टाकला होता. गाडी बरोबर दारासमोर उभी केलेली. गळ्यातली साखळी सदऱ्याबाहेर काढून त्याने पाहुण्याला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. पाहुणा गोंधळून हसत होता. त्याने साखळीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि सरांना विचारलं, हे कोण? सर म्हणाले, पेशंटचे सख्खे भाऊ. खरं तेच सांगितलं.

आत साईनाथ सोफ्यावर ताठ बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, भांग पाडलेला, दाढी गुळगुळीत. पाहुण्याने त्याचा हात हातात घेतला. मग तो एकेक विचारत गेला आणि सर दोन्हीकडचं सांगत गेले. सरांना आपल्या इंग्रजीचा अभिमान. एक शब्द इकडचा तिकडे करायचे नाहीत.

पाहुण्याने विचारलं, कसं वाटतंय आता?

"लई बरं हाय," साईनाथ म्हणाला. "तुमच्या कृपेनं."

जेवण जातं का?

"पोटभर."

पाहुण्याने यंत्राकडे बोट केलं. हे किती वेळ लागतं?

साईनाथने बंद यंत्राकडे पाहिलं. दारात बूट काढून आलेल्या, आपला हात हातात घेऊन बसलेल्या माणसाला, याच्यावाचून माझा जीव गुदमरतो, असं तोंडावर कसं सांगायचं? "लागतं मधनंमधनं," तो म्हणाला. रुकसाना दाराशी उभी होती. ती पुढे होऊन म्हणाली, नाही सर, ह्यांना रात्रभर लागतं आणि दिवसाही बराच वेळ लागतो. सरांनी तेही सांगितलं. पाहुण्याने मान डोलावली. पण त्याच्या डोळ्यांसमोर माणूस ताठ बसून हसत होता.

मग पाहुण्याने शेवटचं विचारलं, आणि ते त्याने शकूकडे वळून विचारलं. तुम्हाला आणखी कशाची गरज आहे का?

आता सांगा, या प्रश्नाला आपल्याकडे कुणी कधी हो म्हटलंय? शकूच्या हातात लाडवांची ताटली होती. ती ताटली पुढे करून म्हणाली, "काही नको. तुम्ही आमच्या घरी आलात, यातच सगळं आलं."

सरांनी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. एवढंच नव्हे, तर वर आपल्या पदरचं जोडलं, की आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा या माणसाला धड बोलता येत नव्हतं, आमच्या कामाने तो इथवर आला. छाती फुगली होती सरांची. पाहुण्याने एक लाडू खाल्ला, दुसरा मागून घेतला. निघताना साईनाथ उठला आणि थेट गल्लीच्या तोंडापर्यंत, रिक्षापर्यंत, त्याला पोचवायला गेला. रुकसानाने दंड धरला तर तिचा हात त्याने हळूच सोडवला. रिक्षा वळेपर्यंत तो हात हलवत उभा राहिला आणि मग तिथेच फ्लेक्सच्या बांबूला धरून खाली बसला. शकू आणि रुकसाना दोघींनी मिळून त्याला घरी आणलं आणि नळी लावली. संध्याकाळपर्यंत ओठ काळेनिळे होते. तरी बोलण्याइतका दम आल्यावर तो म्हणाला, चांगला माणूस होता. दोन लाडू खाल्ले त्यानं.

निकाल डिसेंबरात आला. तो सांगायला सर आले नाहीत, रुकसानाला पाठवलं. ती खाटेच्या कडेला बसली. मग म्हणाली, त्यांनी फार कौतुक केलंय आपलं. काम उत्तम आहे म्हणाले. पण पेशंट बरे झालेत, घरची माणसं भक्कम आहेत, आणि हा देश आता चंद्रावर यान धाडतो. त्यांच्याकडचा पैसाही यंदा कमी झालाय. म्हणून जिथे खरी गरज आहे तिथे ते देणार.

शकूला आधी कळेचना. खरी गरज म्हणजे? रुकसानाने तिचा हात धरला. तेव्हा शकू हळूहळू म्हणाली, "म्हंजे, आम्ही पाहुण्यांना आजार दाखवायचा होता?"

घर आवरायला रुकसानानेच सांगितलं होतं, ते तिच्या मनातून जात नव्हतं. तिचा स्वतःचा पगारही थकला होता, तरी ती दर दोन दिवसांनी येत राहिली.

संस्थेकडे असे कितीतरी पेशंट होते. सरांनी पेन्शनमधून होईल तेवढं भाडं भरलं, मग तेही थांबलं. जानेवारीत, भर दुपारी, भाड्याच्या दुकानातली दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि यंत्र घेऊन गेली. त्यांचा काही दोष नव्हता. जाताना एकाने फुलाचा वाळका देठ काढून खिडकीत ठेवला.

घर एकदम शांत झालं. त्या घरघरीला शकू इतकी कावलेली असायची, आणि आता ती नसल्यावर साईनाथचा एकेक श्वास स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. सरकारी दवाखान्यात नेलं तर दोन दिवस ठेवून, बरं वाटतंय, घरी न्या म्हणाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच धाप. शकूने मंडईला जाणं सोडलं. ती त्याच्या पाठीला उशा लावायची, पुठ्ठ्याने वारा घालायची. साईनाथ तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करायचा, आणि ते तिला बघवायचं नाही.

मग तिने शपथ मोडली. साईनाथला न सांगता मच्छिंद्रकडे गेली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "भावजी, यंत्र घेऊन द्या. ह्यांना सांगू नका, पण द्या."

मच्छिंद्रने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. भाड्याचं कशाला, नवं कोरं विकत घेतो म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या, खोटं नाही. लगेच फोन लावून त्याने यंत्र मागवलं, ते गुरुवारी संध्याकाळी त्याच्या घरी येऊनही पडलं. पण रविवारी त्याच्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. नगरसेवक येणार, स्टेज लागणार. मच्छिंद्र म्हणाला, शकू, दोनच दिवसांचा प्रश्न हाय, रविवारी चार लोकांसमोर देऊ. शोभा येईल, आन् बाकीच्यांनाबी स्फूर्ती येईल. शकूने हात जोडले, म्हणाली आत्ता द्या, मी डोक्यावर घेऊन जाते. तो म्हणाला, अगं, खोकं फोडलं की फोटोत बरं दिसत न्हाई.

साईनाथ शनिवारी सकाळी गेला. शकू त्याला चहा पाजत होती. दोन घोट घेतले, तिसरा ओठांतून बाहेर आला. यंत्र तेव्हा चार घरं सोडून, खोक्यात होतं.

मच्छिंद्र धाय मोकलून रडला. स्मशानात त्याला दोघांनी धरावं लागलं. नंतर ते यंत्र त्याने मंडळाला दिलं, त्यावर साईनाथचं नाव घातलं आणि खाली आपलं. कुणी त्याला बोल लावला नाही. शकूनेही नाही. तिच्यात तेवढा जोर उरला नव्हता.

तेराव्यानंतर श्यामसुंदर सर आले, बरोबर रुकसाना. सर वाळून गेले होते. खुर्चीवर न बसता ते खाली सतरंजीवर बसले. म्हणाले, माझं चुकलं, मी तुमचे शब्द त्यांना सांगितले, पण त्यांचा अर्थ सांगितला नाही. अर्थशास्त्र शिकवलं जन्मभर. कुठला देश किती देतो हे तोंडपाठ, पण देणाऱ्यासमोर आपली माणसं कशी बसतात ते मला दिसलं नाही. शकूने त्यांना पाणी दिलं. ती म्हणाली, तुम्ही खोटं काही सांगितलं न्हाई, सर. आम्हीच बरं हाय म्हणालो.

मग शकूनेच विचारलं, की ते पैसे शेवटी कुठं गेले?

सर म्हणाले, आफ्रिकेत. एका डोंगराळ भागातल्या दवाखान्याला.

"तितंबी असंच हाय का, श्वासाचं?"

"हो. तिथे तर एका यंत्रापुढे दहा-दहा माणसं बसलेली असतात. पाळीपाळीने."

शकूने तोंडाला पदर लावला. कुणावर रागवावं, तर तशी जागाच उरली नव्हती. अमेरिका लांब, पाहुणा भला, दीर रडून मोकळा, आणि ज्यांना मिळालं ते तिच्याहून गरजू. हे सगळं तिला समजत होतं, आणि समजल्यामुळे तिचा जीव जास्तच कासावीस होत होता. रुकसाना सरकून तिच्याजवळ बसली.

"त्ये पाहुणे तिथली घरंबी बघायला जात असतील," शकू म्हणाली.

"जातील. त्यांची पद्धत आहे तशी."

"मग सर, तुम्हाला इंग्रजी येतं. तिथल्या दवाखान्यात कुणाला तरी कळवा. त्यांच्या गावात एखादी बाई असल माझ्यासारखी. तिला म्हणावं, पाहुणे यायच्या दिवशी घर आवरू नको. नवऱ्याला इस्त्रीचा सदरा घालू नको. आन् काही पाहिजे का विचारलं, तर लाजू नको म्हणावं. पाहिजे म्हण."